कट्ट्यामागे एक गणित

दिघोरी, १४ ऑगस्ट १९८३

ताई,

जयभीम. हे पत्र फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. सुरुवातीला मी नेहमीसारखी भरकटणार आहे. मुद्द्याचं खाली आहे.

गेल्या सोमवारी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष उषाबाई लाखांदूरहून बालवाडी बघायला आल्या. बावीस पोरं होती. त्यातली चार माझ्या अंगावर, एक खिडकीत. म्हणाल्या, "मंगलाबाई, पोरं छान रमतात तुमच्याजवळ." मी म्हटलं, "रमणारच. त्यांचं आणि माझं मन एकाच वयाचं आहे." त्या हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कागद काढला. पुढच्या जूनपासून सेविका दहावी पास पाहिजे, नसली तर दुसरी ठेवू. "नियम म्हणजे नियम," असं म्हणून माझ्याच हातचा चहा पिऊन गेल्या.

म्हणजे मार्चची एकच परीक्षा माझ्या हातात आहे. पास झाले तर बालवाडी माझी, नाही तर ह्या बावीस पोरांना कोणीतरी शहाणी बाई सरळ रांगेत बसवील.

मी कशी आहे ते तुला सांगायला नको. तू खटपट करून मला नर्सच्या ट्रेनिंगला घातलंस आणि मी तिसऱ्या महिन्यात परत आले. आमच्या ह्यांच्यासाठी (परसराम, कागदावर नाव घेतलं तर चालतं) विणायला घेतलेल्या स्वेटरची तेरा वर्षांत एकच बाही झाली. हे म्हणतात, एका हाताची तर सोय झाली. दोन वर्षांपूर्वी बाहेरून दहावीला बसले होते, तेही तुझ्या कानावर आलं असेलच. मराठीच्या पेपरात निबंध असा रंगला की नऊ पानं लिहिली. बाकीचे प्रश्न आहेत हे घंटा झाल्यावर कळलं. दुसऱ्या पेपराला गेलेच नाही.

तू म्हणायचीस, "मंगले, तुले करायचंच नाही." ताई, करायचं असतं गं. पुस्तक उघडते. पहिल्या ओळीत 'पर्जन्यमान' हा शब्द येतो. त्यावरून आठवतं की घरावरचे कवेलू फेरायचे राहिले. कवेलूंवरून शिडी. शिडी शेजारच्या डोमाकडे. आणि भानावर येते तेव्हा मी डोमाच्या अंगणात उभी असते, हातात पुस्तक, आणि डोमा विचारत असतो, "काय पाहिजे व वहिनी?" मला सांगता येत नाही. शिडी न घेताच परत येते.

आता मुद्द्याचं. तुझ्या करुणाच्या लग्नापासून तू दिघोरीच्या नावानं आंघोळ केलीस. गोमाजीमामा लग्नाला आला नाही, दिघोरी आणि आसपासच्या चार गावांतले आपले बहुतेक लोक आले नाहीत, तुझ्या मांडवातल्या पंगती अर्ध्या रिकाम्या राहिल्या. मी मामाची बाजू घेतली म्हणून तू माझ्याशीही बोलणं टाकलंस. बाजू का घेतली, हे तू विचारलं नाहीस. ते बरं केलंस.

तुझी,
मंगला


दिघोरी, २ नोव्हेंबर १९८३

ताई,

वरचं पत्र आज बालवाडीच्या हजेरीत सापडलं. मला वाटत होतं टाकलं, आणि तू उत्तर देत नाहीस म्हणून तुझ्यावर अडीच महिने रागावून बसले होते. तो राग परत घेते. दोन्ही सोबत टाकते. आमचे हे स्वतः पेटीत टाकून येणार आहेत, म्हणजे पोचेल.

बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. भरला म्हणजे रुखमिणीनं भरायला लावला. रुखमिणी म्हणजे आमच्या मागच्या घरची. चौथी शिकलेली, जीभ मात्र वकिलाची. तिच्या ओसरीवर रोज दुपारी पाच बाया बिड्या वळायला बसतात. बालवाडी लागल्यापासून मी बिडी सोडली होती. आईच्या हाताखाली दहा वर्षांची असल्यापासून वळली, पुरे झाली, असं वाटायचं. पण सप्टेंबरात अभ्यासाचा एवढा कंटाळा आला की पुस्तक घेऊन मी तिच्या ओसरीवर जाऊन बसले.

"काहून व मंगले, पुस्तक घेऊन कुठं फिरून राहिली?"

"अभ्यास करून राहिली."

"फिरून फिरून? दे इकडं ते. तू सूप घे."

तिनं पुस्तक ओढलं, माझ्या मांडीवर सूप दिलं, सुपात कापलेली तेंदूपानं, तंबाखू, धागा. आणि ती मोठ्यानं वाचू लागली. वाचन कसं, तर आपल्या लाखांदूरच्या एस.टी.सारखं, दर फाट्यावर थांबत. फ्रान्सची राज्यक्रांती चालली होती. राजाचं मुंडकं उडवलं तिथे ती थांबली.

शकुनबाईनं विचारलं, "अन् राणीचं?"

"राणीचं बी उडवलं."

"बरं केलं. बिचारी एकटी राहून काय करते!"

संध्याकाळी घरी भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं की मला सगळं आठवतंय. साल, नावं, कोणानंतर काय. मी आमच्या ह्यांना ते उभ्यानं ऐकवलं. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे कुठल्या गावचं भांडण?"

ताई, मी वेडी की आळशी ह्याचा चाळीस वर्षं निकाल लागत नव्हता. आता मला वाटतं, मी दोन्ही नाही. माझ्या हाताला काम नसलं की मन दावं तोडून पळतं. पान घ्या, तंबाखू भरा, वळा, टोक दुमडा, धागा मारा, एवढं हाताला मिळालं की मन खुंट्याजवळच चरतं. आणि मध्येच उठावंसं वाटलं तर पाच बाया बघत असतात. कशी उठणार?

पण गणित कानानं होत नाही. बीजगणिताचं पान उघडलं की मला घरातली बाकीची सगळी कामं आठवतात, शेजारच्या घरचीसुद्धा. त्यावर रुखमिणीनं कायदा काढला: एक कट्टा, एक गणित. पंचवीस बिड्यांचा कट्टा बांधून झाला की सूप खाली, पाटी वर, एक उदाहरण सोडवायचं. सुटलं तर पुढच्या कट्ट्याची तंबाखू मिळेल. तंबाखूच्या डब्यावर ती स्वतः बसते.

मी म्हटलं, "तुले कुठं गणित समजते? बरोबर की चूक कसं पाहाशील?"

"मले गणित नाही समजत. पण पाटी कोरी हाय का, ते दिसते मले."

दहा-दहा गणितांचा डोंगर मी जन्मात चढले नसते. एक मात्र होतं. मग तंबाखू. मग आणखी एक. काल नऊ झाली.

रुखमिणीला मी एक गोष्ट सांगितली आहे, जी तुला सांगितलेली नाही. ती म्हणाली, "हे बी अर्धंच ठेवशील का?" मी त्या दिवशी तंबाखू न घेताच घरी गेले.

मंगला


दिघोरी, २७ डिसेंबर १९८३

ताई,

हे पत्र उभ्यानं वाचू नको. बस.

करुणाच्या लग्नाच्या नव्वद पत्रिका तू माझ्याकडे दिल्या होत्यास. दिघोरी आणि चार गावं, घरोघरी हातात द्यायच्या, तोंडानं 'या' म्हणायचं, ही आपली रीत. मी तुला सांगितलं की सगळ्या दिल्या, लोकच आले नाहीत. ताई, मी एकवीस दिल्या. बाविसाव्या घरी रेडिओ बिघडला होता, तो उघडून बसले. संध्याकाळ झाली. उरलेल्या उद्या, असं म्हणून गठ्ठा धानाच्या ढोलीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यावर सूप ठेवलं. सुपाखाली गेला तो मनाआडच गेला. लग्नात तू दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होतीस तेव्हा मला आठवलं. आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.

मामा आला नाही, कारण मामाला बोलावणंच नव्हतं. वरून तू दीक्षाभूमीवर गर्दीत त्याला बघून तोंड फिरवलंस. त्यालाही समजेना की आपल्याला न बोलावता भाची वर तोंड का फिरवते. दोघंही ताठ. मधल्या मध्ये मी, ढोलीवर गठ्ठा ठेवून, दोघांना समजुतीनं घ्या म्हणून सांगणारी. असली समजूतदार बाई शोधून सापडायची नाही.

रुखमिणीला हे सांगितलं, त्यावर तिचं ते बोलणं. मग मी ठरवलं की गणित पुढे, आधी हे. पण एकटी निघाले असते तर पुन्हा कोणाचा तरी रेडिओ उघडून बसले असते. म्हणून ती सोबत आली. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस, भाजी-भाकरी बांधून, एकोणसत्तर पत्रिका घेऊन आम्ही पाच गावं पायी फिरलो. मी कुठे टेकले की ती दारातून ओरडायची, "मंगले, कट्टा झाला, चल!"

लोकांची तोंडं काय सांगू. एक म्हातारी म्हणाली, "करुणाचं लगन? दुसरं हाय का?" एकानं पत्रिका वाचून बायकोला हाक मारली, "अवं, जेवणं कवा हाय ते पाय." एकीनं मला दारातच एवढ्या शिव्या दिल्या की रुखमिणीही गप्प झाली. मी ऐकून घेतल्या. मी काही त्यात सुधारणा सुचवू शकत नव्हते.

मामाकडे शेवटी गेलो. ते घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आणि हे मुद्दाम ठेवलं हे रुखमिणीला समजलं होतं.

मामा खाटेवर होता. चष्मा लावून त्यानं पत्रिका मोठ्यानं वाचली. तारीख दोनदा वाचली. वीस मे एकोणीसशे एकोणऐंशी. मग माझ्याकडे बघितलं.

"तू देणार होती?"

"हो."

"अन् तुझ्या ताईनं, इमलनं, लिहिलं होतं माझं नाव?"

"सगळ्यात वर, मामा."

मग आत गेला आणि पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा हातात लुगडं. हिरवं, लाल काठाचं, घड्यांवर पिवळं पडलेलं. लग्न ठरल्याचं कानावर आलं तेव्हाच त्यानं पवनीच्या बाजारातून घेऊन ठेवलं होतं. बोलावणं येईल म्हणून. आलं नाही, तर विकलं नाही, कोणाला दिलं नाही.

मी म्हटलं, "मामा, आता कायचा आहेर? लग्नाला साडेचार वर्षं झाली."

"पत्रिका आली ना? मंग? पत्रिका आली म्हणजे आहेर द्यावा लागते. उशीर पत्रिकेले झाला, मले नाही झाला."

परत येताना रुखमिणी पांदणीतून माझ्यापुढे चालत होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, धूळ आहे. उन्हाळी धानासाठी बांध्यांत पाणी सोडलं होतं, ताई. धूळ कुठली!

लुगडं मी टपालानं पाठवत नाही. मी पाठवलेलं कुठे पोचतं ते तुला आता समजलंच आहे. मामाकडेच आहे.

माफ कर असं लिहिणार नाही. चूक माझी, आणि ते ओझं तुझ्यावर टाकायचं, हे बरोबर नाही. फक्त मामावरचा राग काढून टाक. तो माझा आहे. माझ्याकडे पाठव.

मंगला


दिघोरी, १९ फेब्रुवारी १९८४

ताई,

करुणा आली होती. जवाहरनगरहून तीन गाड्या बदलून, कडेवर पोर घेऊन. सरळ मामाकडे गेली, लुगडं नेसली, पाया पडली. मामा सगळ्या गल्लीला सांगत होता, "नात हाय माझी, लग्नाचा आहेर राहून गेला होता." कोणी काही विचारलं नाही. आपल्या झाडीपट्टीतले लोक असल्या गोष्टी न विचारता समजून घेतात, आणि नंतर वर्षभर बोलतात.

जाताना तिनं तुझी चिठ्ठी दिली. मी आडोशाला जाऊन उघडली. जयभीम नाही, नाव नाही, 'पत्र मिळालं' एवढंही नाही. एकच ओळ:

'तुझं बीजगणित लहानपणापासून कच्चं आहे. अवयव पाडण्याची रोज दहा.'

मास्तरीण ती मास्तरीण. मी ती ओळ रुखमिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "रागावली हाय अजून." मी म्हटलं, "नाही. रागावली असती तर भूमितीचं लिहिलं असतं."

रोज दहा करते आहे. दहा कट्टे म्हणजे अडीचशे बिड्या. माझ्यामुळे रुखमिणीच्या ओसरीचा माल वाढला. बिड्या न्यायला येणारा सट्टेदार मला विचारत होता, "बाई, बालवाडी सोडली का?" मी म्हटलं, "सुटू नये म्हणून वळून राहिली."

इंग्रजीचं विचारू नकोस. रुखमिणी इंग्रजी वाचू शकत नाही, म्हणून डोमाचा नातलग एक मास्तर रविवारी येतो. तो वाचतो तेव्हा सगळ्या बाया पदर सावरून बसतात, जणू कलेक्टर आला.

मंगला


दिघोरी, २४ मार्च १९८४

ताई,

पेपर झाले. सगळे. मुद्दाम पुन्हा लिहिते, सगळे. एकही घरी बसून झाला नाही.

पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. परीक्षेत सूप घेऊन बसू देत नाहीत, हे मला आणि रुखमिणीला आदल्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं. सहा महिने हातानं अभ्यास केला, आणि आता हात रिकामे ठेवून तीन तास! रुखमिणीनं चार पानं कापली, ओली करून फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "वळू नको. नुसतं डाव्या हातात फिरव."

लाखांदूरच्या केंद्रावर केशवराव नावाचे पर्यवेक्षक होते. मिशी अशी की पोरं पाहूनच कॉपी काढून देत. पदरात बांधलेल्या त्या फडक्याची गाठ त्यांना दिसली.

"काय आहे त्यात?"

"पानं."

सगळा वर्ग वळून बघू लागला. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात मी, बेचाळीस वर्षांची, पकडलेली. त्यांनी गाठ सोडायला लावली. एक पान उचललं, खिडकीकडे धरून उजेडात पाहिलं. उलटलं. दुसरं पाहिलं. चारही पाहिली. शिरांशिवाय काही सापडेना.

"ह्यावर काय लिहिलंय?"

"काही नाही साहेब. झाडानं जेवढं लिहिलं तेवढंच."

"मग कायले आणलं?"

आता खोटं बोलायला जागा होती. औषध आहे, देवाचं आहे, काहीही चाललं असतं. पण खोटं बोलून काय होतं ते मी गेल्या चार वर्षांत पुरतं शिकले होते.

"साहेब, माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. डाव्या हाताला काही दिलं तर उजवा लिहितो. नाही दिलं तर मी दहा मिनिटांत उठून जाईन."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. उषाबाई, बालवाडी, बावीस पोरं, सगळं ह्या खिडकीतून गेलं. तेवढ्यात त्यांनी पानं माझ्या बाकावर ठेवली, एक सोडून. ते स्वतःकडे ठेवलं.

"पेटवायचं नाही," म्हणाले, आणि पुढे गेले.

मराठीच्या पेपरात निबंध पुन्हा रंगायला लागला. मी पान फिरवलं, मनात रुखमिणीचा आवाज काढला, "मंगले, कट्टा झाला, चल!" आणि दोन पानांवर निबंध तोडला. चांगल्या वाक्यावर तोडला, ताई. जीव तुटला. पण पुढचा प्रश्न घेतला.

गणिताला तीन पानं सुकून चुरा झाली. अवयव पाडण्याचं आलं होतं. तुझी चिठ्ठी मी, म्हातारी माणसं देवाचं नाव घेतात तशी, आठवली, आणि सोडवलं. शेवटचं उदाहरण राहिलं. वेळ होता, पण डोक्यात काहीच येईना. तिथे मी पहिल्यांदाच असं केलं: उठले नाही. बसून राहिले घंटेपर्यंत. कोऱ्या जागेकडे बघत, पण बसून.

बाहेर निघताना वर्गाच्या दाराशी केशवराव उभे होते. बोटांत तेच पान, गोल गोल फिरवत. मला बघून पटकन खिशात घातलं.

मंगला


दिघोरी, २३ जून १९८४

ताई,

पास.

आधी तेवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण तुला आकडे लागतील. मराठीत एकसष्ट टक्के. सामाजिक शास्त्रात अठ्ठावन्न, फ्रान्सच्या कृपेनं. इंग्रजीत जेमतेम. गणितात पास होण्याला पाहिजेत त्याच्यापेक्षा एक गुण जास्त. तो एक तुझा.

गुणपत्रिका आणायला लाखांदूरला एकटी गेले आणि एकटी आले, कुठेही न थांबता. आमचे हे गावाच्या फाट्यावर उभे होते. मी गाडीतून उतरले तरी काही विचारेनात. शेवटी मीच कागद पुढे केला. वाचता येत नाही, तरी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "भरलेला हाय कागद." मग हॉटेलवाल्याला सांगून फाट्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला. हा माणूस चोवीस वर्षांत पहिल्यांदा गावासमोर मोठ्यानं काही बोलला.

उषाबाई काल आल्या होत्या. गुणपत्रिका चष्म्याजवळ धरून पाहिली. बालवाडी माझीच राहिली. जाताना म्हणाल्या, "मंगलाबाई, पोरं जरा रांगेत बसवत जा." मी म्हटलं, "बसतील. आधी त्यांच्या हाताला काही देते." मातीचा ढीग आणून टाकला आहे. काल खिडकीतलं पोरगं अर्धा तास खाली बसलं होतं, बैल करत.

आता खरं काम सांगते. मी पास झाल्यावर रुखमिणीच्या ओसरीवर सगळ्यांचे हात थांबले. मला वाटलं, आनंद झाला. तो आनंद नव्हता, हिशेब चालला होता. शकुनबाई म्हणाली, "मंगलीनं ऐकलं तेच आम्ही बी ऐकलं. राजाचं मुंडकं आम्हाले बी माहीत हाय. मंग हे एकटीच कशी पास झाली?" रुखमिणी म्हणाली, "बराबर. फॉर्म नंबर किती व, सतरा?"

त्यांच्यातल्या दोघी सातवीपर्यंत तरी शिकलेल्या आहेत, त्या बसणार आहेत. रुखमिणीचं चौथीचंच आहे, तर ती आधी सातवी करणार आणि मग आमच्या छातीवर बसणार. सूप, पान, तंबाखू, वाचणारी बाई, सगळी तयारी आहे. गणिताला माणूस नाही. मी शिकवलं तर दोघी माझ्यासारख्याच काठावर जातील, आणि काठ फार अरुंद आहे.

दिवाळीच्या सुट्टीत तू ये. मामाच्या घरी उतर, माझ्या घरी नको वाटलं तर. माझ्याशी बोलायचं नसेल तर माझ्याशी बोलू नकोस, फळ्याशी बोल. दुपारी दोन ते पाच, रुखमिणीची ओसरी. तंबाखूचा डबा तिच्याखाली, खडू तुझ्या हातात.

यायचं नसेल तर मात्र स्पष्ट कळव. रुखमिणीनं सांगितलंय, उत्तर आलं नाही तर विमलबाई येते असं धरून चुलीवर चहाचं पाणी ठेवायचं.

तुझी,
मंगला